फोटोचं औषध

नांदेडला आता पुन्हा जायचं न्हाई, असं पुंजाजींनी सांगून टाकलं. त्यांची मुलगी ऐश्वर्या पुण्याहून रात्रभर प्रवास करून नुकतीच डोंगरकड्याला घरी पोचली होती. बॅग अजून दारातच होती.

२००८ चा फेब्रुवारी सरत आला होता. उजवा हात उचलेनासा झाला म्हणून आठवड्यापूर्वी नांदेडला पुंजाजींच्या डोक्याचा एमआरआय झाला. डॉक्टरांना गाठीची शंका होती. पण जिनिंगमध्ये कापूस ओढताना जडलेला खोकला त्यांना मशीनच्या बोगद्यात आवरला नाही. डोकं हलत राहिलं आणि फोटो सगळे पुसट आले. पुन्हा काढावे लागतील, तेही लवकर, असं सांगून त्यांना परत पाठवलं होतं.

जनकाबाई लेकीला म्हणाल्या, तूच समजाव. तुझंच काम आहे ते.

काम तिचंच होतं. खास अवस्थेत आणलेला हायड्रोजन वायू आणि शरीराला चालेल असा एखादा पदार्थ उत्प्रेरकाच्या मदतीने जोडला, की एमआरआयच्या चुंबकात त्या पदार्थाचा क्षीण संकेत हजारो पटींनी वाढतो. असा पदार्थ रक्तात सोडता आला, तर गाठ झटकन उजळून दिसेल. माणसाला ताटकळत पडून राहावं लागणार नाही. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती याच्याच मागे होती. गावात कोणी विचारलं तर पुंजाजी एवढंच सांगत, पोरगी फोटोचं औषध करून राहिली.

आता ते म्हणाले, तुझं औषध आलं की जातो.

ऐश्वर्या त्यांच्याजवळ बाजेवर टेकली. डोळे चुरचुरत होते. हो म्हणणं सोपं होतं. तिने सांगितलं, उत्प्रेरकात धातू असतो, तो रक्तात जाऊ द्यायचा नसतो. तो काढून टाकेपर्यंत वाढलेला संकेत विझून जातो. कितीतरी वर्षं ती तिथंच अडकली होती.

"म्हंजे माह्यापस्तोर येत न्हाई ते."

"न्हाई, बाबा."

पुंजाजींनी उशी काढून खाली ठेवली, उताणे झाले, डाव्या हाताने उजवा हात अंगालगत ओढून घेतला आणि जनकाबाईंना म्हणाले, "डबा वाजव. तिथं मशिनीत लई ठोकठोक राहते."

जनकाबाईंनी तेलाचा रिकामा डबा पुढ्यात घेतला आणि लाटण्याने ठोकायला लागल्या. खोकला आला. पुंजाजी उठून बसले, पाणी प्यायले, पुन्हा आडवे झाले. पुन्हा खोकला आला. पुन्हा आडवे झाले.

ऊन बाजेपर्यंत आलं. एक माशी त्यांच्या कपाळावर बसली, तिथून पापणीवर उतरली. पापणी थरथरली. मान हलली नाही.

ऐश्वर्याने ओढणीच्या टोकाने माशी हाकलली. ती परत आली. तिने परत हाकलली.