दिव्याचं वर्णन

लशींच्या फ्रीजमधलं तापमान वाढत होतं आणि दुरुस्तीला लावलेला एआय एजंट त्याच्या सर्किटवरचा हिरवा दिवा पुन्हा पुन्हा लुकलुकवत होता.

एजंटला दिलेल्या प्रत्येक साधनाखाली, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमखाली, त्याचं वर्णन असतं आणि ते वाचून तो साधन निवडतो, म्हणून हर्डीकरांच्या हाताखाली ही साधनं बनवणाऱ्या शर्वरीने वर्णनं उघडली. सर्किटची मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली तिने स्वतः ‘मेमरी वाचते’ एवढंच लिहिलं होतं. दिव्याच्या साधनाखाली हर्डीकरांनी लिहिलं होतं, ‘अत्यंत प्रभावी. सर्व बिघाडांवर उपयुक्त.’

“सर, हे स्थळ दाखवताय का?”

“मी बनवलेलं पहिलं साधन आहे ते. कौतुकानं लिहिलं.”

“तासाभरात लशी फेकाव्या लागतील.”

हर्डीकरांनी जड मनाने बदललं, ‘फक्त दिवा लुकलुकवते. बिघाड शोधत नाही.’ मग पुढे ‘दिवा सुंदर आहे’ असं जोडून म्हणाले, “एवढं तरी राहू दे गं.”

शर्वरीने ते राहू दिलं आणि मेमरीच्या साधनाखालच्या आपल्या ओळीत भर घातली, ‘बिघाडाचं कारण शोधताना आधी हे वापरावं.’

थोड्याच वेळात फ्रीज गार होऊ लागला. एजंटचा अहवाल आला, ‘मेमरीत ठरवून दिलेलं तापमान चुकीचं होतं, ते दुरुस्त केलं. शेवटी दिवा लावून पाहिला. सुंदर आहे.’

“बघ,” हर्डीकर म्हणाले, “नीट वाचतो तो.”