जागची हलली नाही

जॉर्ज टाउनमधलं जुनं चर्च विकून पेरुंगुडीला नवं बांधावं, असं मंडळीतल्या बहुतेकांचं मत झालं होतं. नगरहून लग्न होऊन चेन्नईला आलेली सुवार्ता मात्र डागडुजीच्या बाजूची. म्हणून त्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकांनी तिलाच बोलायला उभं केलं.

छपराकडे बघायची तिला हिंमत होईना. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये ती सांगू लागली, "इंजिनिअरनं तपासलंय, तुळया भक्कम आहेत. नुसता गिलावा सुटलाय. आपण सगळ्यांनी मनावर घेतलं तर..."

तेवढ्यात तिच्यापासून हातभर अंतरावर गिलाव्याचा मोठा पोपडा धाडकन कोसळला. किंकाळ्या उठल्या, बाकं उलटली आणि बघता बघता सगळी मंडळी अंगणात पळाली.

धूळ खाली बसल्यावर लोकांनी दारातून डोकावून पाहिलं. सुवार्ता वेदीपुढे ताठ उभी होती.

चर्च विकायला निघालेल्यांत सगळ्यांत पुढे असलेल्या म्हाताऱ्या आसीर्वादम अय्यांचे डोळे भरून आले. "परगावची पोर इथं पाय रोवून उभी राहते, आणि आम्ही पळतो?" म्हणत ते आत शिरले. त्यांच्यामागून एकेक जण आत आला.

"हे चर्च विकायचं नाही, दुरुस्त करायचं!" अय्या म्हणाले, आणि सगळ्यांचे हात वर झाले.

त्यांनी मायेनं सुवार्ताच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे तिचे ओठ हलले.



"अय्या, मला धरून बाहेर न्या हो... भीतीनं पाय उचलतच नाहीयेत."