सैंधव चालेल का?

"चारच दिवसांत परत?" कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी डिस्चार्जचा कागद वाचून मास्तरांच्या सुजलेल्या पायावर बोट दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. मास्तरांना धाप लागून बोलवत नव्हतं, म्हणून डॉक्टर त्यांच्या बायकोवरच घसरले. "मीठ बंद सांगितलं होतं ना, आजी? जिभेचे चोचले सुटत नाहीत तुमचे!" असल्या अडाण्यांसाठी आपण दहा वर्षं शिकलो, या विचारानं त्यांना स्वतःचीच कीव आली.

"मिठाचा कण दिला नाही ह्यांना," आजी म्हणाल्या. "उपवासाचं सैंधव तेवढं घालत होते."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, तेही मीठच! कुठल्या शहाण्यानं सांगितलं सैंधव चालतं म्हणून?"

"तुम्हीच. डिस्चार्जच्या दिवशी मी दोनदा विचारलं. तुम्ही फोनवर कुणाच्यातरी लग्नातला नाच बघत होतात. मान वर न करता 'चालेल, चालेल' म्हणालात."

डॉक्टरांना आजी आठवेनात. मेव्हणीच्या लग्नातला तो नाच मात्र लख्ख आठवला.

आजींनी मास्तरांचा घाम पदरानं पुसला आणि डॉक्टरांच्या हातातल्या फोनकडे बघितलं.

"आता आधी तो खिशात घाला. मग पुढचं विचारते."