मुका मार

“हं, टाका पाय. खाली बघू नका, समोर बघा,” मुलगी म्हणाली. वडिलांनी उजवा पाय टेकवला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गॅलरी दहा पावलांवर होती. तिथवर पोचायला त्यांना पाच मिनिटं लागली.

तिला काही उमगत नव्हतं. वडील जिन्यात घसरून पडले त्याला बारा दिवस झाले होते. दुसऱ्या शहरातल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून फोनवर सांगितलं होतं, हाड शाबूत आहे, मुका मार आहे, रोज चालवा. एवढे नावाजलेले डॉक्टर, ते कसे चुकतील? पण वडीलही ढोंगी नव्हते. लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीत बत्तीस वर्षं काढली, आजारपणाची रजा एकदाही नाही. भाऊ फोनवर म्हणाला, “या वयात लाड हवेसे वाटतात गं. तू विरघळू नकोस.” मग ती विरघळली नाही. वडिलांनी तोंड वाकडं केलं की म्हणायची, “काही झालेलं नाही बाबा, मनातून काढून टाका.” हळूहळू त्यांनी कण्हणं सोडलं. तिला हायसं वाटलं, आणि तरी काहीतरी खटकत राहिलं.

कामावर ती फोटो हलके करायची. दुकानांच्या वेबसाइटवर चढणारे बूट, कढया, पडदे. फोटो जड असला तर पान उघडायला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक पळतं. म्हणून कॉम्प्युटर फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि एकेका चौकोनातले डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे गाळून टाकतो. किती गाळायचं ते ती ठरवायची. हात इतका बसला होता की ऑफिसात तिला सगळे ‘डाएटवाल्या बाई’ म्हणायचे.

त्या दुपारी बुटांचा व्यापारी तणतणत आला. “बाई, माझ्या बुटाची शिवण कुठे गेली? त्या हातशिलाईसाठी तर लोक माझ्याकडे येतात!”

तिने पडद्यावर पाहिलं. बूट चकचकीत दिसत होता आणि शिलाईचा पत्ता नव्हता. “जरा जास्तच गाळलं गेलं,” ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिला वडिलांचा एक्स-रे आठवला.

एक्स-रेसुद्धा तिनेच पाठवला होता. हॉस्पिटलच्या साइटने फाइल मोठी आहे म्हणून परत केली, तेव्हा तिने चहा पिता पिता, नेहमीच्या सवयीने, ती हलकी करून टाकली होती. पुन्हा उघडून बघायचंही सुचलं नव्हतं.

तिने दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या. तिने पाठवलेल्या फाइलीत घोट्याजवळचं हाड गुळगुळीत होतं. मूळ फाइलीत त्याच हाडावर केसाएवढी बारीक रेघ आडवी गेली होती.

मूळ फाइल पाठवल्यावर पंधरा मिनिटांत डॉक्टरांचा फोन आला. “हाड तडकलंय. त्यांना उभं करू नका, आजच्या आज प्लास्टर घालून घ्या. हा फोटो आधी का नाही पाठवलात?” तिने फोन ठेवला. ती तशीच घराकडे धावली.

वडील गॅलरीचा कठडा धरून उभे होते. कपाळावर घाम, घोटा टम्म सुजलेला. तिला पाहून त्यांचा चेहरा खुलला. “बघ, ही तिसरी फेरी. आज कुणी मागे लागलं नव्हतं, तरी!”

तिला रडू आवरेना. तिने त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः त्यांच्या पायाशी बसली.

“बाबा, मला खरं सांगा. दुखतंय ना?”

वडील गोंधळले. त्यांनी पायाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

“डॉक्टर काय म्हणाले?” त्यांनी विचारलं.