तांबडीचं अंडं

"कोंबडी माझी, पर तिला घर तुमचं आवडतंय, बाई," असं म्हणत चंद्राआत्या माझ्या हातातलं अंडं घ्यायच्या आणि चुलीवर चहा ठेवायच्या.

शाळेवर बदली होऊन मी या गावात आले, तेव्हा कुणालाच ओळखत नव्हते. शेजारच्या आत्यांची तांबडी कोंबडी कुंपणातून यायची आणि माझ्या पडवीतल्या टोपलीत तांबूस अंडं घालून जायची. ते परत द्यायला म्हणून मी रोज सकाळी त्यांच्याकडे जायचे. एकट्याच असायच्या त्या.

माघात आत्या झोपेतच गेल्या. तेराव्यानंतर त्यांची सून घर आवरत होती. तिला म्हटलं, "तांबडीला मी सांभाळते."

"तांबडी? तिला दिवाळीतच मुंगसानं नेलं की!"

पण आत्या गेल्या त्याच्या आदल्या दिवशीही मी अंडं परत केलं होतं. फडताळातल्या वाटीत ते तसंच होतं. पांढरं, दुकानातलं.

दिवाळीपासून अंडी पांढरीच येत होती. मी एकदा विचारलंही होतं. चुलीत लाकूड सारत, माझ्याकडे न बघता आत्या म्हणाल्या होत्या, "थंडीनं रंग उतरतो, बाई."