यंत्राची प्रकृती

सहनाने पुन्हा स्वतःच्याच बोटात सुई टोचली. यंत्र तपासायला निरोगी रक्त म्हणून ती नेहमी आपलंच वापरायची. बेंगळुरूच्या त्या प्रयोगशाळेत रीतच होती ती, ज्याचा प्रबंध त्याचं रक्त. दुसऱ्याकडे मागायला जाणार कोण!

यंत्रात केसाएवढ्या पाण्याच्या वाटेवर लेझरच्या ठिपक्यांची जाळी होती. भरलेली तांबडी पेशी आली की प्रकाश तिला धरून उजवीकडे ओढायचा. फिकी, रोडकी पेशी काही धरली जायची नाही, सरळ निसटायची. आजारी रक्त निवडायचं ते असं, तांदूळ निवडावेत तसं.

आज शंभरातल्या एकसष्टच वळल्या. मार्चमध्ये चौऱ्याण्णव वळत होत्या. दर सोमवारचा आकडा तिने भिंतीवरच्या आलेखात मांडला होता. तिचे मार्गदर्शक ऐताळ सर, त्यांनी वर लिहिलं होतं, ‘यंत्राची प्रकृती’. रेघ उतरतच चालली होती. आरसे तीनदा लावून झाले, लेझरही बदलून पाहिला. आज नव्वद आले नाहीत तर उद्या यंत्र मोडून भाग दुसऱ्यांना वाटायचे, असं सरांनी सकाळीच सांगितलं होतं. चार वर्षं गेली होती त्यात.

तिने टेबलावर डोकं टेकलं. वैतागायलासुद्धा अंगात जोर लागतो, तोही नव्हता.

लॅबचा जुना मदतनीस निंगण्णा कॉफी घेऊन आला.

“अम्मा, हल्ली दोन जिने चढलात की धापा टाकता. चित्रान्नाचा डबा तसाच परत नेता.”

“प्रबंध लिहिताना सगळ्यांचं असंच होतं, निंगण्णा.”

“सगळ्यांना बघितलंय मी. तीस वर्षं.” त्याने बोट पुढे केलं. “माझं घालून बघा. नाचणीच्या उकडलेल्या उंड्यांवर पोसलेलं रक्त आहे. तुमचा प्रकाश थकतो का मी, बघू.”

त्याचं मन मोडायला नको म्हणून तिने घेतलं. पडद्यावर पहिली पेशी आली, उजवीकडे वळली. दुसरी वळली. तिसरीही. तिने शंभर मोजल्या. शहाण्णव.

मग पुन्हा स्वतःचं रक्त घातलं. एकोणसाठ.

“बघा, ठणठणीत आहे की यंत्र,” निंगण्णा हसत म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्याने कॉफी तिच्यापुढे सरकवली.

तिने सरांना फोन लावला. “सर, यंत्र बरोबर आहे. पहिल्यापासून बरोबरच होतं.”

“उत्तम! मोडायला नको मग. पण बिघाड होता कुठे?”

“उद्या सांगते, सर.”

फोन ठेवून ती उठली, टेबलाच्या कडेला हात टेकत. भिंतीवरचा आलेख टाचण्या काढून उतरवला आणि घडी करून पिशवीत ठेवला.

“तो कुठे नेताय, अम्मा? यंत्राचा आहे ना?”

“डॉक्टरांना दाखवते,” ती म्हणाली. “मार्चपासूनचं सगळं आहे त्यात, तारखेनिशी.”