सात नंबरची काकी

"हात," काकी म्हणाल्या.

वॉर्डच्या काचेच्या दाराशी डॉक्टर अनीश थबकले. दाराच्या डावीकडे बेसिन होतं आणि बेसिनशेजारच्या बाकावर काकी बसल्या होत्या.

"आत्ताच धुतले, काकी."

"मग मोबाइल कोणी धरला होता?"

अनीश वळले आणि त्यांनी नळ सोडला. हात पुसत ते म्हणाले, "गोपीनाथजींचं ऑपरेशन उत्तम झालंय."

"ऑपरेशन उत्तमच असतं हो तुमचं."

अनीशनी मान खाली घातली आणि ते आत गेले. मोठा सर्जन, पण या बाईपुढे त्याची शेळी व्हायची. आतून पाहणाऱ्या सिस्टर मंजुषाच्या कपाळावर आठी चढली.

मंजुषा दुसऱ्या हॉस्पिटलातून इथे इन्चार्ज म्हणून आली, त्याला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. काकी पहिल्या दिवसापासून तिच्या डोळ्यांत खुपत होत्या. सकाळी आठला तिची ड्युटी सुरू होई तेव्हा त्या हजर, दोनला संपे तेव्हाही तिथेच. डबा नाही, जपमाळ नाही, नुसती नजर. काचेपलीकडे समोरच सात नंबरचा बेड होता. त्यावर परदेशीपुऱ्याचे गोपीनाथजी, मंजुषा यायच्या आधीपासून दाखल, आतड्याचं ऑपरेशन नुकतंच झालेले, टाके अजून ओले.

"ही बाई कधीपासून बसलीय?" तिनं एकदा सफाईवाल्या शिखाबाईंना विचारलं होतं.

"सात नंबरवाली? वो तो हमेशा से बैठी है, सिस्टर."

शिखाबाईही वैतागल्यात, हे ऐकून मंजुषाला बरं वाटलं होतं.

खरी भीती पाच नंबरची होती. त्या पेशंटचा रिपोर्ट आला तेव्हा प्रत्येक औषधापुढे एकच अक्षर होतं, R. म्हणजे एकही अँटिबायोटिक त्या जंतूंना मारू शकत नव्हतं. पेशंटला वेगळ्या खोलीत हलवेपर्यंत दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत, एका गडबडीच्या सकाळी, मंजुषानं पाच नंबरची पट्टी बदलली आणि तशीच सात नंबरची सलाइन ठीक करायला वळली.

काचेवर बोटं वाजली. काकी दारात उभ्या होत्या.

"घरी गीला-सूखा कचरा अलग ठेवता ना? शहर स्वच्छतेत एक नंबर म्हणून मिरवता ना? मग पाचचा हात सातला कसा लावता?"

सगळा वॉर्ड ऐकत होता. मंजुषाचा चेहरा लाल झाला. तिनं हात धुतले, पण बाहेर येऊन तोंडही सोडलं. "मला नका शिकवू, काकी. बारा साल झाले या लाइनमध्ये. तुमच्या मिस्टरांना काही झालं तर आमच्या नावानं ओरडू नका."

"मी ओरडले नव्हते," काकी म्हणाल्या आणि बाकावर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी मंजुषाच्या हातात मेमो पडला. काकींनी लेखी तक्रार केली होती. ती तणतणत सुपरिंटेंडेंटकडे गेली. "सर, एक तर ही बाई राहील या वॉर्डात, नाही तर मी."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "त्यांना बसू द्या, सिस्टर."

म्हणजे वरपर्यंत ओळख आहे, मंजुषानं ताडलं. मग तिनंही दात-ओठ खाऊन दिवस मोजायला घेतले. सात नंबर घरी गेला की पीडा टळणार होती. त्यासाठी गोपीनाथजींना जंतू लागता कामा नयेत. ती आता दर वेळी हात धुवायची, कोपरापर्यंत, काकींकडे रोखून बघत. एवढ्या द्वेषानं कोणी साबण लावला नसेल.

तिसऱ्या दिवशी ताप नव्हता. पाचव्या दिवशी रिपोर्ट स्वच्छ आला. आठव्या दिवशी सुट्टी झाली.

न्यायला मुलगा नीरज आला. नोकरीमुळे तो रोज संध्याकाळी यायचा, म्हणून मंजुषाला तो आज पहिल्यांदाच भेटला.

"आईंना पण घेऊन जा बरं का, भिया," ती गोड आवाजात म्हणाली.

"आई? आई तर घरी आहे. तिचे गुडघे गेलेत, तिला इथे आणलंच नाही."

"मग बाहेर बाकावर…"

"त्या? त्या तर तुमच्याच ना? रोज आधी हात धुवायला लावतात. मला वाटलं, हॉस्पिटलनंच ठेवलंय त्यांना."

गोपीनाथजी नीरजच्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू चालत बाहेर पडले. काकी उठून उभ्या राहिल्या आणि ते लिफ्टमध्ये शिरेपर्यंत त्यांच्या पायांकडे बघत राहिल्या. मग पुन्हा काचेकडे वळल्या. आत शिखाबाई रिकामा बेड पुसत होत्या.

मंजुषा बाहेर आली. "काकी, तुमचा पास दाखवा."

काकींनी तो न बघताच पुढे केला. कडा झिजलेल्या, प्लास्टिक पिवळं पडलेलं. पेशंट, दिनानाथ तांबे. सोबत, पत्नी. बेड नंबर सात. तारीख मागच्या वर्षीची.

"त्यांना बेडच्या कठड्याची खालची बाजू पण पुसायला सांगा," काकी म्हणाल्या. "गेल्या वर्षी पुसली नव्हती."